जंगलातली ऊर्जा जाते कुठे? वाघाची वाट आणि अस्वलाची वाट

रानजाई

नववीच्या विज्ञानात ऊर्जेचा मनोरा आहे. तळाला वनस्पती, त्यावर तृणभक्षी, त्यावर मांसभक्षी, आणि दर पायरीला फक्त दहा टक्के ऊर्जा वर सरकते. मुलं १०,०००, १,०००, १००, १० असे आकडे लिहितात, गुण मिळतात, विषय संपतो. मी शाळेच्या मुलांना घेऊन विदर्भातल्या जंगलांत जाते. तिथे कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, उरलेले नव्वद टक्के कुठे गेले?" बहुतेक ठिकाणी त्यांना उत्तर मिळालेलं असतं की उष्णता होऊन गेले. हे उत्तर अपुरं आहे आणि त्यामुळे जंगलाचा निम्म्याहून मोठा कारभार मुलांच्या नजरेआडच राहतो, असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा.

एका पायरीवरून दुसरीवर जाताना ऊर्जा तीन जागी मागे राहते. पहिलं, जे कुणी खाल्लंच नाही ते. चितळ, सांबर, गवे सगळे मिळून जंगलातल्या हिरव्या मालाचा लहानसा हिस्सा खातात. लाकूड, मुळं, चिवट आणि कडवट पानं तशीच राहतात. दुसरं, खाल्लं पण पचलं नाही ते, म्हणजे शेण आणि लेंड्या. पाला खाणाऱ्याला गिळलेल्यातलं निम्मं किंवा त्याहूनही कमी अंगी लागतं; मांस खाणाऱ्याला ऐंशी टक्क्यांच्या आसपास. तिसरं, पचलं पण जगण्यातच खर्च झालं ते: श्वास, पळापळ, अंग गरम ठेवणं. त्या पायरीवर उष्णता होते ती फक्त या तिसऱ्या भागाची. पहिले दोन भाग अजून जंगलातच असतात, आपल्या पायाखाली.

आणि जंगलात हा पायाखालचा भागच मोठा असतो. फार थोडी पानं जिवंतपणी खाल्ली जातात. बाकीची उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून खाली येतात, आणि तिथून बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं, वाणी (मिलिपीड) यांची दुसरी अन्नसाखळी सुरू होते. पुस्तकात तिला "विघटक" हा एक शब्द मिळतो, तोही मनोऱ्याच्या बाहेर कुठेतरी कोपऱ्यात.

मेळघाटात किंवा ताडोबात वाघ आणि अस्वल एकाच रानात राहतात. वाघापर्यंत ऊर्जा येते ती हिरवा पाला, मग चितळ-सांबर, मग वाघ अशी. अस्वलापर्यंत तिचा बराच भाग येतो तो वाळलेलं पान आणि लाकूड, मग वाळवी, मग अस्वल असा. आपल्याकडच्या अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते फोडलेल्या वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेऊ शकतं. मोहाची फुलं, टेंभुर्णीची फळं, मध हेही ते आवडीने खातं, त्यामुळे ते निव्वळ पाचोळ्यावर जगतं असं नाही. पण एवढं मोठं जनावर ज्या वाटेच्या टोकाला उभं आहे ती वाट आपण मुलांना दाखवतच नाही.

तुमच्या भागात, तुमच्या कामात ही दुसरी वाट कुठे दिसते? लिहा.

मास्तर_लांजा

धागा आवडला, पण मनोऱ्याला इतकं दूर लोटू नका. पंचवीस मुलांच्या डोक्यात एका तासिकेत जे राहतं ते मनोऱ्यामुळेच राहतं. वाघ इतके कमी का, हे त्याशिवाय सांगता येत नाही. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांचा हिशोब मी वर्गात सांगतो. एका वाघाला वर्षाला सुमारे पन्नास खुरवाली जनावरं लागतात. कळप न घटता वाघ वर्षाला साधारण दहा टक्के जनावरं उचलू शकतो. म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरांचा कळप हवा. मुलांना हे ऐकून धक्का बसतो. वाघ वाचवायचा म्हणजे आधी पाचशे तोंडांचा चारा वाचवायचा, हे लगेच पटतं.

रानजाई

मास्तर, कारंथांचा हिशोब मीही सांगते. पण तुम्ही एका दहाला दुसऱ्या दहाशेजारी बसवलंत, ते दोन वेगळे आहेत. कारंथांचे दहा टक्के म्हणजे कळपातली किती *डोकी* दरवर्षी गेली तर चालतील त्याचं प्रमाण, जन्मदरावर ठरणारं. मनोऱ्यातले दहा टक्के म्हणजे एका पायरीच्या *ऊर्जेतली* किती पुढच्या पायरीच्या हाती लागते ते. आकडा एकच आल्यामुळे मुलं दोन्ही एकच समजतात.

शिवाय ऊर्जेच्या बाबतीत जनावरागणिक फरक प्रचंड आहे. पचलेल्या अन्नातलं किती नव्या मांसात, पिल्लांत उतरतं हे पाहिलं तर पक्ष्यांत ते जेमतेम एक-दीड टक्का, मोठ्या सस्तन प्राण्यांत तीनच्या आसपास. बाकी सगळं अंग गरम ठेवण्यात आणि हालचालीत जातं. माशांत आणि वाळवी-मुंग्यांसारख्या वसाहत करणाऱ्या कीटकांत दहाच्या जवळ. एकेकट्या राहणाऱ्या कीटकांत चाळीसपर्यंत. चितळाने खाल्लेल्या पाल्याचं आणि टोळाने खाल्लेल्या पाल्याचं पुढे काय होतं ते किती वेगळं आहे पाहा.

मिनेसोटाकर

दहा टक्क्यांचा नियम ज्यांच्या नावावर सांगतात त्या रेमंड लिंडमन यांचं तळं आमच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. सीडर क्रीक नावाचा मिनेसोटा विद्यापीठाचा संशोधन परिसर आहे, त्यातलं सीडर बॉग लेक. अगदी लहान, गाळाने भरत चाललेलं, कडेने दलदल. मराठी मित्रमंडळींना घेऊन गेलो की सगळे विचारतात, "हेच का ते?"

लिंडमन यांनी त्यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या मदतीने इथे काही वर्षं शेवाळ, किडे, मासे, गाळ मोजला. त्यांचा शोधनिबंध "इकॉलॉजी" या नियतकालिकाकडे गेला तेव्हा परीक्षकांनी तो नाकारला. त्यांचं म्हणणं, यात मोजमापापेक्षा सिद्धांत फार. येल विद्यापीठातले एव्हलिन हचिन्सन यांनी संपादकांना पत्र लिहून रदबदली केली आणि १९४२ मध्ये तो छापला गेला. छापून आला तेव्हा लिंडमन हयात नव्हते. त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या २७ व्या वर्षी, यकृताच्या आजाराने ते गेले.

आता मुद्द्याचं. त्या निबंधात या तळ्यासाठी दिलेले आकडे असे: वनस्पतींनी सूर्यप्रकाशातले ०.१० टक्के पकडले, पहिल्या भक्षकांकडे १३.३ टक्के गेले, दुसऱ्या भक्षकांकडे २२.३ टक्के. दहा कुठेच नाही. आणि रानजाईताई, तुम्हाला आवडेल असं एक: त्यांच्या अन्नचक्राच्या आकृतीत मधोमध गाळ आहे. सगळ्या पायऱ्यांवरून मेलेलं ते सगळं त्याच्यात येतं आणि त्यातून पुन्हा बाहेर निघतं. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण फक्त मनोरा शिकवतो त्यांनी दुसरी वाट चित्राच्या मध्यभागी काढली होती.

रानजाई

गाळ मध्यभागी! हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार.

जमाखर्च

मी अभियंता, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. पण ऊर्जेचा ताळेबंद जुळतो की नाही हे मला पाहायला आवडतं, आणि जुळलेला एक आहे. फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा हॉवर्ड ओडम यांनी १९५७ मध्ये छापलेला. सगळे आकडे दर चौरस मीटरला, वर्षाला, किलोकॅलरीत.

पाणवनस्पतींनी शोषलेला प्रकाश ४,१०,०००. त्यातून प्रकाशसंश्लेषणाने बांधलेली ऊर्जा २०,८१०. वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनात खर्चली ११,९७७. उरली ८,८३३. तृणभक्ष्यांना पचली ३,३६८, मांसभक्ष्यांना ३८३, सगळ्यात वरच्या मांसभक्ष्यांना २१. विघटकांकडे ५,०६०.

आता सगळ्यांचं श्वसन बेरजेला घ्या: वनस्पती ११,९७७, तृणभक्षी १,८९०, मांसभक्षी ३१६, वरचे १३, विघटक ४,६००. एकूण १८,७९६. शिवाय प्रवाहाबरोबर खाली वाहून गेलेली २,५००. बेरीज २१,२९६. आत आलेली २०,८१०, म्हणजे ४८६ कमी पडतात. ते ४८६ म्हणजे काचेच्या तळाच्या नावांतून फिरणारे पर्यटक माशांना टाकत तो पाव. ओडम यांनी तोही धरला होता! हिशोब शेवटच्या कॅलरीपर्यंत बसतो.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, सगळ्यात मोठा खर्च वनस्पतींचा स्वतःचा आहे, तो मनोऱ्यात दिसतच नाही. दोन, दोन पायऱ्यांमधलं प्रमाण ओळीने १६, ११ आणि साडेपाच टक्के येतं. या स्वच्छ झऱ्यात वनस्पती मऊ, खाणारे भरपूर, तरीही विघटकांचा वाटा तृणभक्ष्यांहून मोठा आहे. जिथे लाकूड आहे तिथे तो किती वाढत असेल?

मास्तर_लांजा

हा ताळेबंद उद्याच फळ्यावर. पावाची गोष्ट मुलं जन्मात विसरणार नाहीत.

बावनदी

शेतकरी, संगमेश्वर तालुका. आमच्याकडे मे महिन्यात भाजावळ होते. तरव्याच्या जागेवर, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या वाफ्यावर, शेण, किंजळ-ऐनाची कवळं (तोडलेल्या पानांच्या फांद्या), पातेरा (पालापाचोळा), वाळलं गवत असे थर रचून वरून माती टाकायची आणि पेटवायचं. मग पहिल्या पावसात त्या राखेत भात पेरायचं. वाडवडील करत आले. हल्ली शिबिरांत सांगतात, राब भाजू नका, पातेरा कुजवा. पण भाजलेल्या जागेतली रोपं जोमदार येतात आणि तण कमी येतं, हे डोळ्यांनी दिसतं. तुमच्या या ऊर्जेच्या हिशोबात भाजावळ कुठे बसते? खरोखर समजून घ्यायचं आहे.

रानजाई

बावनदीदादा, या धाग्यावर यायलाच हवा होता असा प्रश्न. भाजावळीत ऊर्जा आणि खनिजं यांची फारकत डोळ्यांदेखत होते.

पानात सूर्याची बांधलेली ऊर्जा असते आणि मातीतून घेतलेली खनिजंही असतात. पेटवलंत की ऊर्जा तासाभरात उष्णता होऊन निघून जाते. ती परत येत नाही. पुढच्या वर्षी झाडांनी नव्या उन्हातून ती पुन्हा बांधायची. पोटॅश, चुना, स्फुरद मात्र बरंचसं राखेत राहतं आणि रोपाला लगेच मिळतं. ते फिरत राहतं: माती, झाड, पान, राख, पुन्हा माती. आणि जी उष्णता निघाली तिनेही काम केलंच, वरच्या थरातलं तणाचं बी भाजलं. वाडवडिलांना दोन्ही फायदे कळलेले होते.

तोटा दोन ठिकाणी. नत्र बहुतेक धुरावाटे हवेत जातो. आणि जी ऊर्जा गांडुळांनी, बुरशीने महिनोन्‌महिने वापरली असती, त्या वापरातून माती भुसभुशीत झाली असती, पाणी धरलं असतं, ते काम होत नाही. पातेरा कुजतो तेव्हाही शेवटी त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णताच होते. फरक इतकाच की वाटेत ती हजारो जिवांच्या अंगातून जाते.

बावनदी

समजलं. म्हणजे तरव्यापुरती भाजावळ आणि आंबा-काजूच्या आळ्यात पातेरा तसाच, असं केलं तर दोन्ही साधेल?

मास्तर_लांजा

माझ्या मते हो. तरव्याची जागा एकूण शेताच्या मानाने थोडीच असते. खरी काळजी कवळाची करा. त्याच त्याच किंजळीच्या फांद्या दरवर्षी तोडल्या तर झाडाकडे पानंच राहत नाहीत, आणि मगाशी जमाखर्च यांनी दाखवलं तसं झाडाचा स्वतःचा श्वसनाचा खर्च तर चालूच असतो. कमाई बंद आणि खर्च सुरू असं किती वर्षं चालेल? तोड आलटून पालटून करा.

तारकर्लीकर

माका एक सांगा, समुद्राचा हिशोब कोण मांडणार? मग मीच मांडतो. आमचं घर मासेमारीतलं.

तारली पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि बारीक कवचधारी जीव थेट गाळून खाते. सुरमई तारली, बांगडा, असले लहान मासे खाते. म्हणजे सुरमई निदान एक-दोन पायऱ्या वर. जगभरातल्या पाण्यातल्या अन्नजाळ्यांचे हिशोब एकत्र करून पाउली आणि ख्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये पायरीमागे सरासरी १०.१ टक्के काढले. म्हणजे मास्तरांचा दहाचा आकडा समुद्रात सरासरीला तरी खरा उतरतो. त्या हिशोबाने एक किलो सुरमईमागे ढोबळ दहा किलो लहान मासळी समुद्राने घातलेली असते. आमच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, तारली ढिगाने लागायची आणि सुरमई मोजकी, त्याचं कारण हेच. सुरमई चुकार नाही, ती मुळातच थोडी असणार.

आता जी काळजी वाटते ती. तारली आणि बारीक मासळी मोठ्या प्रमाणावर पकडून तिची भुकटी करतात, ती कोळंबीच्या तळ्यांत, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माणसाने थेट खाण्यासारखी मासळी एका जास्तीच्या पायरीवरून फिरवून आणली की त्या पायरीवर मोठा वाटा गळणारच. गरिबाच्या ताटातली मासळी अशी जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र जंगलापेक्षा उलटी. समुद्रात एखाद्या क्षणी वजन केलं तर सूक्ष्म वनस्पतींचं वजन त्या खाणाऱ्यांपेक्षा कमी भरू शकतं, कारण त्या काही दिवसांत जन्मतात आणि खाल्ल्या जातात. वजनाचा मनोरा उलटा होतो. ऊर्जेचा होत नाही, कधीच नाही, कारण तिथे आपण साठा मोजत नाही, वर्षभरात किती वाहिलं ते मोजतो.

खाडीकाठ

तारकर्लीकर, खाडीतली दुसरी वाट राहिली. तिवर आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांची पानं गळून चिखलात पडतात, खेकडे ती बिळात ओढून नेतात, फाडतात, त्यावर जिवाणू-बुरशी वाढते, ते तुकडे कोळंबी आणि माशांची पिल्लं खातात. रानजाईंच्या अस्वलाच्या वाटेचंच खाडीतलं रूप.

फक्त एक सावधगिरी. १९७० च्या सुमारास फ्लोरिडातल्या कांदळवनांवरच्या अभ्यासातून अशी कल्पना रुजली की खाडीबाहेरच्या मासेमारीलाही मुख्यतः हीच पानं पोसतात. पुढे कार्बनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू) तपासायला लागल्यावर दिसलं की बऱ्याच ठिकाणी माशांच्या अंगातला कार्बन पानांपेक्षा चिखलावरच्या शेवाळाचा आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा जास्त असतो. शेवाळ पचायला सोपं, पान चिवट आणि टॅनिनने भरलेलं. कांदळवन वाचवायला हवंच, पिल्लांना आसरा आहे, किनारा धरून ठेवतं, चिखलात कार्बन साठवतं. पण "पान पडलं आणि मासा झाला" इतकी सरळ गोष्ट सांगू नये असं मला वाटतं.

पेडणेकर

गोव्याहून. रानजाईताईंच्या वाळवीबद्दल थोडं. आमच्याकडे पावसाळ्यात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, अळमी (अळंबी) येतात, बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो. ही अळमी आणि वाळवी यांची भागीदारी आहे. या जातीच्या वाळवीला एकटीने लाकूड नीट पचवता येत नाही. ती चावून गिळलेला पालापाचोळा विष्ठेतून वारुळात आणून त्याचे स्पंजासारखे पोळे बांधते आणि त्यावर एकच विशिष्ट बुरशी वाढवते. लाकडातलं सगळ्यात चिवट लिग्निन ती बुरशी फोडते, मग वाळवी ती बुरशी आणि मुरलेलं पोळं खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपासून चालू आहे. आपण रानात उपटतो ती छत्री म्हणजे त्या शेताचं फळ. डॉ. नंदकुमार कामत यांनी गोवा विद्यापीठात या अळम्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे.

त्यामुळे वाळकं लाकूड ते माणसाचं ताट एवढी छोटी वाट आहे ही. पण सगळी अळमी कळी असतानाच उपटली तर बीजाणू पसरायचे कसे? दर वारुळावर काही छत्र्या पूर्ण उमलू द्याव्यात, एवढीच विनंती मी सगळ्यांना करतो.

आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी उडते तेव्हा बाहेर बघा. कोतवाल, घारी, पाली, बेडूक, सगळे तुटून पडतात. चरबीने भरलेली असते ती. वर्षभर अंधारात साठलेली ऊर्जा एका संध्याकाळी सगळ्या रानात वाटली जाते.

मेळघाटी

वनखात्यात हंगामी काम करतो, उन्हाळ्यात आगीच्या पाळ्या. वरचं सगळं वाचून एक लिहावंसं वाटलं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, फुलं दिसावीत म्हणून. नवा पाला चांगला फुटतो म्हणून तेंदूच्या जागीही लावतात. बाया पहाटे तीनला उठून फुलं वेचायला जातात, त्यांची घाई मला कळते. तो त्यांचा वर्षाचा पैसा आहे. पण वाऱ्याने आग पुढे सरकली की डोंगरच्या डोंगर काळा होतो. भाजावळीत निदान जागा ठरलेली आणि वरून माती असते. इथे अस्वलाच्या वाटेचा पहिला टप्पाच जातो. वारूळ मातीचं, आतली वाळवी बहुधा वाचते, पण तिला खायला वरती काही उरत नाही. वाणी, गोगलगायी, कुजक्या लाकडातले किडे तर जळतातच. त्या वर्षी अस्वलं शेताच्या आणि मोहाच्या दिशेने जास्त येतात, असं आमच्यातल्या जुन्या लोकांचं म्हणणं आहे.

काही गावांत आता झाडाखालची जागा खराट्याने झाडून घेतात किंवा जुन्या साड्या, जाळ्या अंथरतात. फुलं स्वच्छ मिळतात, त्यामुळे भावही बरा मिळतो. हे वाढायला हवं.

नववीतलीआई

सगळं वाचलं, मुलीलाही वाचायला लावलं. ती विचारते, परीक्षेत काय लिहू? आणि घरच्या घरी यातलं काही मोजून बघता येईल का?

मास्तर_लांजा

परीक्षेत दहा टक्के लिही बाळा, आणि त्यापुढे "सरासरी" हा शब्द नक्की लिही. विघटकांकडे प्रत्येक पायरीवरून बाण काढ, फक्त शेवटच्या पायरीवरून नाही. मी तपासणारा असतो तर त्या बाणांना गुण दिले असते.

मोजायचं असेल तर असं कर. मोठ्या झाडाखाली एक मीटर लांब-रुंद चौकोन सुतळीने आख. त्यातला पाचोळा गोळा करून उन्हात चार-पाच दिवस कडकडीत वाळव आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर. वाळलेल्या पानात ग्रॅममागे साधारण चार किलोकॅलरी धर. समजा अर्धा किलो भरला तर दोन हजार किलोकॅलरी झाल्या, मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या जेवणाएवढ्या. मग तोच पाचोळा जाळीच्या पिशवीत घालून त्याच झाडाखाली ठेव. दुसरा तसाच पाचोळा बारीक मलमलीच्या पिशवीत, म्हणजे किडे आत जाणार नाहीत, फक्त बुरशी आणि जिवाणू जातील. पावसाळा संपल्यावर दोन्ही वाळवून पुन्हा वजन कर.

रानजाई

मास्तरांच्या प्रयोगात एक भर. जाळीच्या पिशवीची भोकं मिलिपीडच्या, म्हणजे वाणीच्या जाडीएवढी तरी ठेव. पिशव्या एकेक नको, तीन-तीन ठेव, कारण एखादी कोंबडी उकरून नेते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. आणि आकडे इथेच टाक. मेळघाटी, जमल्यास तुमच्याकडच्या न जळलेल्या आणि जळलेल्या भागात अशाच पिशव्या ठेवाल का? पिशव्या मी शिवून पाठवते.

मेळघाटी

पाठवा ताई. जूनच्या आधी मिळाल्या तर पहिल्या पावसालाच लावतो. साहेबांची परवानगी मी काढतो.